नलूचं हॉर्नबीम

नलू गेल्याचं मला जुईने कळवलं, आणि खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी मला रागच आला. जुई नागपूरची, नोकरीसाठी इंग्लंडात वॉटफर्डला आलेली. तिला इथे येऊन धड तीन वर्षंही झालेली नाहीत. नलूच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायची. "काकू, मावशी पहाटे गेल्या," ती फोनवर म्हणाली. "जय एडिनबराहून निघालाय, ट्रेनमध्ये आहे. त्याने मला सगळ्यांना इन्फॉर्म करायला सांगितलंय." सगळ्यांना! नवऱ्यांच्या हॉस्पिटलातल्या नोकऱ्यांमागे आम्ही दोघी एकाच वर्षी या देशात आलो, एकमेकींची बाळंतपणं केली, तिच्या जयला पहिली आंघोळ मी घातली. आणि आता मी सगळ्यांमधली एक...

इथे दसऱ्याला आपट्याची पानं कुठून आणणार? सुरुवातीला मंडळात आम्ही सोनेरी कागदाची पानं कापून सोनं म्हणून वाटायचो. नलूला ते पटेना. तिने रानात हिंडून हॉर्नबीम शोधून काढलं. ऑक्टोबरात हे झाड पिवळंधमक होतं, आणि हर्टफर्डशरच्या रानांत त्याला तोटा नाही. तेव्हापासून सोनं आणण्याचा मान तिचा. ती पिशवी घेऊन हॉलमध्ये शिरली की सगळ्या बायका तिच्याभोवती, आणि माझं श्रीखंड टेबलावर एकटं. मी नलूवर जळायचे, तिला ते चांगलं ठाऊक होतं, आणि त्याने आमच्या मैत्रीचं काही बिघडलं नाही.

एका दसऱ्याला ती जयकडे गेली होती. मी संधी साधली आणि पिशवीभर पिवळी पानं आणून वाटली. परत आल्यावर तिने माझ्या देव्हाऱ्यातलं पान उचललं आणि पोट धरून हसायला लागली. "अगं, हे हॉर्नबीम नव्हे, बीच नावाचं दुसरंच झाड! अख्ख्या वॉटफर्डला बीच वाटून आलीस की तू!" पुढच्या हळदीकुंकवाला तो किस्सा तिने हातवारे करून सगळ्यांना ऐकवला. मग माझ्याच स्वयंपाकघरात दोन पानं शेजारी ठेवून मला शिकवायला बसली. "रंगावर भुलू नकोस. कडेवरून बोट फिरव." बीचची कड साधी, जराशी लहरती. हॉर्नबीमची करवतीसारखी, मोठ्या दात्यांवर बारीक दाते, आणि शिरा इस्त्रीच्या चुण्यांसारख्या सरळ. बीचचं खोड गुळगुळीत, तर हॉर्नबीमचं पीळदार, पैलवानाच्या दंडासारखं. लाकूड इतकं कठीण की पूर्वी पवनचक्क्यांची दातेरी चाकं त्याची करत. सगळं सांगितलं, पण तिचं ते झाड काही दाखवलं नाही. "सीमोल्लंघनाला मी एकटीच जाते गं," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

गेल्या वर्षी आजारपणाने ती खंगली, एकटीला चालवेना. तेव्हा मला वाटलं, आता तरी बोलावेल. मी नवीन बूटसुद्धा आणून ठेवले. ती जुईचा हात धरून गेली. मला कळलं ते थेट हॉलमध्ये, जुईच्या हातात पिशवी पाहिल्यावर. त्या दिवशी मी दोघींशी नीट बोलले नाही.

यंदा जुईचा फोन आला. "काकू, पानं आणायला याल का? मला एकटीला जावंसं वाटत नाहीये." गेले. रानात ती न चुकता एका जुन्या झाडापाशी थांबली. कधीकाळी वरून छाटल्यामुळे त्याच्या बुंध्यातून जाड फांद्यांचा झुबका फुटला होता. जुई पानाच्या कडेवरून बोट फिरवत होती, अगदी नलूसारखं. मला ते बघवेना. मी सरळ विचारलं, "तुला आणलं तिने. मला का नाही?"

जुईने हातातलं पान पिशवीत टाकलं. "काकू, मावशी इथे रडायला यायच्या. काका गेले तेव्हापासून. पानं काय, पाच मिनिटांत व्हायची."

"मग माझ्याकडे रडली असती!"

"मी तेच म्हटलं त्यांना. तर म्हणाल्या, तिच्यासमोर नाही जमत, ती मला जिंकलेली समजते." जुईने डोळे पुसले. "माझं काय, मी परकी. माझ्यासमोर त्यांना चालायचं."

नलूचा नवरा गेला त्या आठवड्यात मी रोज तिच्याकडे जात होते. रोज ती मला हसवून परत पाठवायची. आणि घरी येताना मी मनात म्हणायचे, हिचं बरं आहे, हिला काही लागतच नाही...

आम्ही पिशवी भरली. जुईला म्हटलं, तू गाडीत जाऊन बस, मी आलेच. ती गेल्यावर मी त्या खोडाला हात लावला. गार होतं, खडबडीत होतं. नलूचे सगळे विनोद मी ऐकले, तिचं रडणं याने ऐकलं. दसरा झाला, सोनं वाटून झालं, लोकांनी मला शाबासकीही दिली. पण त्या झाडाचा हेवा काही मनातून जात नाही.