आठव्या ओळीतला सतरा

बहिरू आबांची अख्खी हयात एसटीत गेली, नाशिक-सुरगाणा गाडीवर. गाडी मुक्कामाला लागली की बाकीचे पत्ते कुटायचे, अन् हा कंडक्टर तिकिटांचे नंबर भागत बसायचा. एक अन् स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही असा नंबर, म्हणजे मूळ संख्या, हाती लागला की जावई दारात आल्यागत चेहरा फुलायचा. त्यात एकाच आकड्यानं रांग धरलेली असली तर विचारूच नका.

आता आबा गंगापूर रोडला लेकाकडे राहतात. नात सृष्टी सातवीत. शाळेच्या गणित प्रदर्शनाला विषय आबांनीच दिला. ३१, ३३१, ३३३१... दर ओळीला पुढं एक तीन वाढवत जायचं.

"कितीबी तीन लाव, नाय फुटायची. फुटली तर नाव बदलीन!"

सात ओळी सृष्टीनं शाळेच्या कॉम्प्युटरवर तपासल्या. आठवी, ३३३३३३३३१, आबांनी अंगावर घेतली. तीन, सात, अकरा, तेरा लावून पाहिले. भाग जाईना. पुढच्या चार सीटची तिकिटं बघून तपासनीस गाडी सोडून देतो, तशी आबांनी ती ओळ सोडून दिली. सृष्टीनं तक्त्यावर आठवी ओळ लालभडक रंगवली.

प्रदर्शनाच्या सकाळी चहा पिता पिता आबांनी सहज सतरा लावला. बाकी शून्य. पुन्हा लावला, पुन्हा शून्य. चहावर साय धरली.

गप्प राहिलं असतं तर कोण भागून बघणार होतं? पण पोर त्यांच्या शब्दावर चार लोकांत उभी राहणार होती.

"सृष्टे, आठवी फुटली गं. सतरानं."

"आबा! आत्ता सांगताय? रिक्षा आलीये खाली!"

"माझीच चूक हाय. तेरालाच उतरलो मी."

"मग बदला आता नाव," ती फुरंगटून म्हणाली अन् तक्ता काखेत मारून जिना उतरली. आबा मागोमाग.

रिक्षात ती तक्ता मांडीवर घेऊन आठवी ओळ बघत बसली. शाळेच्या फाटकाशी थांबली. "आबा, गाडी सोडायला दोन बेल ना? आणि थांबवायला?"

"एक."

बाई टेबलाशी आल्या. सृष्टी एकेक ओळ वाचू लागली अन् दर ओळीला आबा मागून म्हणत, "टिंग टिंग." पोरं खिदळायला लागली. सात ओळी गाडी सुसाट गेली. आठव्या ओळीवर सृष्टीनं बोट ठेवलं अन् आबांकडे पाहिलं.

आबांनी घसा खाकरला.

"टिंग."

सृष्टीनं खडू उचलला अन् मागच्या फळ्यावर सतरानं भाग घालायला घेतला.