फळ्यावर लिहिलेला अंड्यांचा रंग

हौसाबाईंची अंड्यांची पाटी मी उचलून ऑफिसच्या टेबलाखाली ठेवली आणि सांगितलं, "तुमचा ओटा आजपासून बंद. ही अंडी गावरान नाहीत."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. "मग कुनाची हायती? बदकाची?"

"पोल्ट्रीची. पांढरी दिसतात."

"बाई, मी कोंबडीला रंग सांगून अंडं घालाय लावू व्हय?"

मागच्या बायका हसल्या. मी हसले नाही. हसल्यानं अधिकार कमी होतो अशी माझी तेव्हा समजूत होती. गालांवर पावडरीचा थर, खांद्याला पर्स, अशी मी बाजारातून फिरायचे. आता नातवंडं विचारतात, "आजी, तू खरंच साहेब होतीस?" होते की. कसली होते, तेच सांगते.

बहात्तरचा दुष्काळ सरला होता. दौंडला स्टेशनजवळ आमच्या सोसायटीनं शेतकऱ्यांचा बाजार सुरू केला होता. मधे दलाल नाही. नियम दोनच. माल आपल्या रानातला नाहीतर अंगणातला हवा, आणि भाव सकाळी फळ्यावर लागेल तोच. मी तिथं ग्रेडिंग सुपरवायझर. ग्रेडिंग म्हणजे माल निवडून त्याची प्रत ठरवायची, प्रतीप्रमाणे भाव लावायचा. ट्रेनिंगमध्ये मला कांदा शिकवला, टोमॅटो शिकवला. अंडी आयत्या वेळी गळ्यात पडली. त्यात मी शाकाहारी घरातली. अंडं मी लांबून पाहिलेलं, फोडलेलं कधीच नाही.

रेल्वे कॉलनीतल्या बायकांना गावरान अंडी हवी असत. त्या अंड्यांना भावही चांगला मिळे. पण पुण्याकडे पोल्ट्र्या निघाल्या होत्या आणि तिथली स्वस्त पांढरी अंडी सकाळच्या पॅसेंजरनं दौंडात उतरू लागली होती. ती आमच्या बाजारात घुसू नयेत म्हणून मी शक्कल लढवली. भावाच्या फळ्याखाली खडूनं ठळक लिहिलं, 'गावरान अंडे तपकिरी असते. पांढरे अंडे घेतले जाणार नाही.' लिहिण्याआधी कुणाला विचारलं नाही. विचारायचं कशाला? साहेब मी.

परिणाम लगेच दिसला. थोड्याच दिवसांत सगळ्या ओट्यांवर एका रंगाची, एका मापाची तपकिरी अंडी. मी खूश. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. आमच्या अंडीवाल्या बायका चहाच्या टपरीवरचा उकळलेला चोथा फडक्यात बांधून घरी न्यायच्या. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहून भाषण केलं, "आपल्या भगिनी चहाच्या चोथ्याचं खत करतात. शिकलेल्यांनी यांच्याकडून घ्यावं." टाळ्या पडल्या. आमच्या चेअरमननी, सगळे त्यांना आप्पा म्हणत, सगळ्यांत मोठ्यानं वाजवल्या.

हौसाबाईंची पाटी मात्र सुधारेना. त्या इनामगावाजवळच्या धनगरवस्तीतून एसटीनं यायच्या. प्रत्येकीला बाजाराला येणं जमत नाही, म्हणून वस्तीतल्या सगळ्या बायका आपापली अंडी त्यांच्या पाटीत द्यायच्या. सोसायटीला ते मान्य होतं. पण भुश्यात निजवलेली ती अंडी म्हणजे एक लहान, एक लांबुडकं, काही फिकट बदामी, काही पार पांढरट. पांढरट तेवढी मी परत करायचे, तरी पुढच्या वेळी पाटी तशीच. शेवटी शेजारच्या ओट्यावरच्या गजराबाई माझ्याकडे आल्या. "आमी नियम पाळायचा, आन् हिनं पोल्ट्रीचा माल गावरान म्हनून खपवायचा व्हय?"

तरी काही गिऱ्हाइकं हौसाबाईंकडेच का जातात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी पाटी जप्त केली.

हौसाबाई गेल्या नाहीत. दारातल्या लिंबाखाली बसून राहिल्या. मे महिन्याचं ऊन. थोड्या वेळानं आत येऊन म्हणाल्या, "अंडी उकाड्यानं नासतील, ते जाऊ द्या. ओटा नका काढू बाई. ओटा गेला तर वस्तीवरच्या बाया परत त्या व्यापाऱ्याच्या दारात. त्यो म्हनंल त्यो भाव."

"दुपारी आप्पा येतायत. त्यांच्यासमोर काय तो निकाल होईल."

आप्पा शिरूरच्या काही मंडळींना बाजार दाखवायला आणणार होते. म्हणून मी सकाळीच सगळ्या अंडीवाल्या बायकांना बजावलं होतं की दुपारी अंडी भरपूर हवीत. पाहुणे आले, तशी मी पाण्याची बादली मागवली. ताजं अंडं पाण्यात बुडतं, शिळं तरंगतं, एवढं एक मला ठाऊक होतं आणि ते करून दाखवायची भारी हौस होती.

मी गजराबाईंची अंडी उचलली.

"पान्यात नगं बाई!" गजराबाई ओरडल्या. "पान्यानं नासत्यात."

"अहो, काही होत नाही."

अंडी बुडाली. मी पाहुण्यांकडे वळून म्हटलं, "बघा, किती ताजी." पाहुणे बादलीकडेच बघत होते. मीही पाहिलं. पाणी पिवळं झालं होतं. बघता बघता तांबूस झालं. मी घाईनं हात घालून एक अंडं काढलं, तर माझ्या बोटांखालून रंग निसटला आणि आत पांढराशुभ्र पट्टा उमटला. मला वाटलं, अंडं माझ्या हातातच सोललं जातंय.

आप्पा बादलीत वाकून म्हणाले, "साखर टाका बाई, म्हंजी झाला."

मी पळत पुढच्या ओट्यावर गेले. ओला अंगठा अंड्यावर घासला. रंग. त्याच्या पुढचा ओटा. तिथंही रंग. जादा अंडी हवीत म्हटल्यावर सकाळी तिथंच घाईत रंगवलेली, धड वाळलीसुद्धा नव्हती. सगळा बाजार फिरले, माझे दोन्ही अंगठे चहात बुडवल्यासारखे झाले. मग टेबलाखालची पाटी ओढली. हौसाबाईंची अंडी घासली, पुन्हा घासली. काहीच निघेना.

"तो चोथा," आप्पा सावकाश म्हणाले, "खत करत्यात म्हनला होता, त्योच का?"

 मग मी गजराबाईंवर ओरडले, "लाज नाही वाटली? पोल्ट्रीची अंडी रंगवून गावरान म्हणून विकता?"

मला वाटलं, रडतील. त्या उलट कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "फळा लिवायच्या आदी आमी घरचीच आनत हुतो की. माज्या कोंबड्या फिकट घालत्यात. तुमीच ती परत धाडली. म्हनला, तपकिरीच पायजे. मग काय करावं? घरची अंडी तिकडं स्टेशनवर पोल्ट्रीची म्हनून इकली, आन् पोल्ट्रीची रंगवून हितं आनली."

 खरी गावरान अंडी बाहेर पोल्ट्रीच्या भावानं जात होती आणि पोल्ट्रीची आत गावरानच्या भावानं. आणि हे सगळं माझ्या खडूनं झालं होतं. 

आप्पांनी टपरीवरून दोन बशा आणवल्या. एकीत हौसाबाईंचं अंडं फोडलं, दुसरीत गजराबाईंचं. मी तोंड फिरवलं. "बघा, आता तरी बघा," आप्पा म्हणाले. पाहिलं. एकीतला बलक केशरी, दुसरीतला आजारी माणसासारखा फिका.

फळ्यावरची ती ओळ त्यांनी मलाच पुसायला लावली. रंगवणाऱ्यांचे ओटे पुढचे काही बाजारदिवस बंद राहिले. मग त्या आपापली फिकट, वाकडीतिकडी अंडी घेऊन परत आल्या. तेव्हापासून प्रत्येक पाटीतलं एक अंडं गिऱ्हाइकासमोर फोडायचं ठरलं. ते काम शाकाहारी सुपरवायझरकडे. रेल्वेच्या काही बायका मात्र पुढं कित्येक दिवस विचारत, "ती छान तपकिरी अंडी हल्ली येत नाहीत का हो? ती अगदी खरी होती."

हौसाबाईंना ओटा परत मिळाला. पुढच्या बाजाराला मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मावशी, चुकलं माझं," एवढंच बोलता आलं.

त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि माझ्या गालावरून खसकन फिरवला. अंगठा वर करून सगळ्या ओट्यांना दाखवला. पांढराफेक.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "ही बी रंगीवल्यालीच!"

आख्खा बाजार हसला. त्या नोकरीत मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

पुढं रिटायर होईपर्यंत पुष्कळ माल तपासला. कशावरून ओळखता, असं कुणी विचारलं की मी विषय बदलत असे. फळ्यावर तर भावाखेरीज काही लिहिलंच नाही. आणि पावडर त्या दिवसापासून बंद.