मनोगत वर, नंबर खाली

“माझं मनोगत कुठं गेलं?” सर ओरडले. त्या आवाजानं पांडवलेण्यातल्या वटवाघळांनी बिऱ्हाड हलवलं नसेल, तर ती बहिरी असली पाहिजेत.

सर म्हणजे पशुपक्षी वाचवणाऱ्या आमच्या संस्थेचे अध्यक्ष. शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला होता. मला अजून नकाशात भूमध्य समुद्र पटकन सापडत नाही, हे त्यांना माहीत आहे आणि त्यांना ते माहीत आहे हे मला, त्यामुळे धाक कायम. संस्थेची वेबसाइट नव्यानं करून द्यायचं काम मी फुकटात अंगावर घेतलं होतं, आणि त्या दिवशी गंगापूर रोडवरच्या एका खोलीच्या ऑफिसात पहिला कच्चा नमुना सरांपुढे धरून बसले होते.

जुनी वेबसाइट उघडली की आधी ‘सहर्ष स्वागत’ म्हणत एक पट्टी सरकायची. ती इतकी सावकाश, की ‘सहर्ष’ दिसताच सायखेड्याहून बैलगाडी जुंपावी, ‘स्वागत’ येईस्तोवर नाशकात पोचावं. त्याखाली सरांचं मनोगत. मी ते वाचायला घेतलं तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. मग सत्काराचे फोटो. आमच्याकडे एक घार वाचली की तीन माणसांना शाल-श्रीफळ मिळतं, आणि फोटोत घार सोडून सगळे असतात. एका फोटोत म्हणे बिबट्या आहे. पुढे अख्खी कार्यकारिणी उभी असल्यानं नुसती शेपटी दिसते, आणि तीही खजिनदारांच्या मफलरची आहे असा मला संशय. या सगळ्याच्या तळाशी, मुंगीला चष्मा लागेल एवढ्या अक्षरात, जखमी प्राणी सापडला तर कुणाला फोन करायचा तो नंबर.

मी फक्त तो नंबर तळातून उचलून सगळ्यांत वर, मोठ्या हिरव्या बटणात ठेवला होता. मनोगत मागच्या एका पानावर नेलं होतं.

सरांचं म्हणणं पडलं की घरी आलेल्याला आधी पाणी विचारतात, बस म्हणतात, मग काम विचारतात. मनोगत म्हणजे ते पाणी. मी म्हटलं, सर, पाणी ठीक, पण आपण हंडा पाजतोय. ते भूमध्य समुद्राकडे वळणार असं दिसायला लागलं, तेवढ्यात दारात फुलांची मावशी उभी राहिली.

मावशी सायखेड्याकडच्या. झेंडू-शेवंती घेऊन नाशिकच्या फूलबाजारात येतात. मागच्या वर्षी त्यांच्या बांधावरच्या आंब्याच्या ढोलीतून घुबडाचं पिल्लू खाली पडलं. घरचे म्हणाले, अपशकुनी आहे, द्या फेकून. मावशी म्हणाल्या, उंदीर खाणारं अपशकुनी कसं? त्यांनी फोनवर आमची वेबसाइट उघडली, नंबर काही सापडला नाही, म्हणून पिल्लू झेंडूच्या टोपलीत घालून टेम्पोनं नाशकात आणलं आणि विचारत विचारत आमचं दार गाठलं. खरं तर पिल्लू टोपलीत ठेवून टोपली त्याच झाडाला बांधली की आईबाप अंधार पडताच येतात, खाऊ घालतात. एवढं सांगायला एक फोन पुरला असता. आम्ही मावशींचा सत्कार केला. पिल्लू दुसऱ्या दिवशी दगावलं. सत्काराचा फोटो वेबसाइटवर आहे.

तेव्हापासून त्या दर आठवड्याला सरांच्या घरच्या पूजेची फुलं ऑफिसात ठेवून जातात.

सरांना वाटलं, देवानंच साक्षीदार धाडला. त्यांनी जुनी वेबसाइट उघडून फोन मावशींच्या हातात दिला आणि म्हणाले, समजा पुन्हा पिल्लू पडलं, तर काय कराल ते करून दाखवा. मग हाताची घडी घालून, चेहऱ्यावर निकालाच्या दिवसाचं हसू घेऊन उभे राहिले.

मावशींनी अंगठ्यानं वर ढकलायला सुरुवात केली. मनोगत गेलं, आणखी मनोगत गेलं. शाली गेल्या, नारळ गेले. अचानक अंगठा थांबला. एका चौकटीत दहा आकडे झळकत होते. मावशींनी स्वतःचा फोन काढला, पुटपुटत आकडे दाबले, कानाला लावला.

“लागत नाय. असा नंबरच नाय म्हणती ती बाई.”

सरांच्या हसण्याची घडी पडली. ती चौकट म्हणजे वेबसाइटला आजवर किती लोकांनी भेट दिली त्याचा आकडा. पुढे शून्यं लावून दहा घरं पुरी करायची हौस सरांचीच. त्यातले निम्मे लोकही सरच, कारण आकडा किती झाला ते बघायला ते सकाळ-संध्याकाळ वेबसाइट उघडतात. तरी त्यांनी मावशींना नीट समजावून सांगितलं.

मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “एवढी माणसं येऊन गेली, आन् एकाला बी फोन उचलाया ठेवलं नाय?”

मी मावशींना म्हटलं, नंबर तुमच्या फोनात घालून देते, औंदाही ती घुबडांची जोडी ढोलीत बसलीय ना. त्यांनी मान हलवली. मला एकटीला नको, म्हणाल्या, तिथं वर टाका, अख्ख्या वस्तीला दिसंल.

सरांनी फोन परत घेतला आणि मावशींच्या सत्काराचा फोटो शोधून काढला. मग खाकरून म्हणाले, मनोगत मागे गेलं तर चालेल. एकच अट, त्या बटणातला नंबर माझा हवा.

तसं केलं. वेबसाइट चालू झाली, आणि पंधरवड्याच्या आत सरांचा फोन वाजला. मावशीच होत्या. पिल्लू पडलं होतं. मी समोरच बसले होते. सरांनी टोपली, खाली गवत, दोरी, मांजर पोचणार नाही एवढी उंची, सगळं दोन मिनिटांत चोख सांगितलं. मग, फोनवर आयता श्रोता आहे असं बघून, त्यांनी खुर्ची मागे टेकवली आणि मनोगताला पहिल्या ओळीपासून हात घातला. त्यांना ते पाठ आहे. माझा चहा आला, निवला, दुसरा आला, तोही निवला. तिसऱ्याला चहावाल्यानं नाही म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मावशी फुलं घेऊन आल्या. सर छाती फुगवून सामोरे गेले आणि विचारलं, कशी वाटली नवी वेबसाइट?

मावशींनी पुडा टेबलावर ठेवला, पदरानं हात पुसले.

“नंबर लगेच सापडला. पिल्लू बी जगलं. आता सर, फोन कसा ठेवायचा त्ये पण वर लिवून टाका.”