बोटभर आखूड झालेला दस्त

सन दोन हजार सतरा. माझं वय सत्तावन्न. सातवी पास शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन निवृत्तीला आलो, ते कुणाच्या चिठ्ठीवर नाही. पण त्या उन्हाळ्यातलं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

शिरूर तालुक्यात वडगाव रासाईच्या अलीकडं भीमेकाठी एक गाव आहे. तिथल्या वाचनालयात कंपनी सरकारच्या काळातला, कातड्यावर लिहिलेला दस्त होता. हातभर लांब, फळीवर आठ खिळ्यांनी ठोकलेला, वर काच. मे महिन्यात वाचनालयाचे अध्यक्ष तक्रारी अर्ज आणि फळीसकट तो दस्त घेऊन ठाण्यात आले. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो.

"काच बदलायची म्हणून दस्त काढून कपाटात ठिवला व्हता. आठ दिसांनी ठोकाया गेलो तर बोटभर आखूड! कडक, वळलेला. साहेब, खरा न्हेला आन् खोटा ठिवला."

कपाट ग्रंथपालाच्या ताब्यात. हा दौंड तालुक्यातल्या खुटबावचा, बी.ए. झालेला, मानधनावर दहा वर्षं काम करणारा. पुढच्या महिन्यात त्याला कायम करायचा ठराव होता. चोर ठरला असता तर नोकरी गेलीच असती, आणि दुसरीकडंही कुणी दारात उभं केलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी फोन आला, नाव न सांगता. ग्रंथपाल पिशवीतून लांब गुंडाळी घेऊन जाताना दिसला म्हणे. मी दोन पंच घेऊन खुटबावला झडती घेतली. गुंडाळी सापडली. पोरीच्या शाळेसाठी आणलेला महाराष्ट्राचा नकाशा निघाला. तरी मी त्याला सगळ्या आळीसमोर जीपमध्ये घातलं. माझा अंदाज चुकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

दोन दिवस सकाळी बोलवून संध्याकाळी सोडला. बाकड्यावर बसवून एकच प्रश्न.

"खरा कुठं दिला?"

"साहेब, एकच हाय. तुमच्या टेबलावर हाय तोच."

"मग आखूड कसा झाला? सातवी शिकलोय म्हणून येडा समजतो व्हय मला?"

"न्हाई साहेब. तुम्ही सातवी, मी बी.ए. कातड्यातलं दोघांना बी काय कळत न्हाई."

हवालदार हसला. मी त्याच्याकडं पाहिल्यावर थांबला.

तिसऱ्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात बंदोबस्त होता. तिथं ढोलकी दुरुस्त करणारे एक म्हातारे मामा कातडं भिजवून ताणत होते. हातातलं ते कातडं माझ्यासमोर वाढत गेलं. मी खाली बसलो आणि विचारलं.

मामा म्हणाले, "उन्हात ठिवलं का आवळतं, पावसाळ्यात ढिलं पडतं. कातडं मेलं तरी हवा पितं साहेब. तुम्हाला येवढं ठावं न्हाई?"

तसाच आबांच्या घरी गेलो.

"आबा, दस्ताला ऊन लागलं व्हतं का?"

"लागलं म्हंजी? मीच दावलं की! काचंखाली पांढरी बुरशी धरली व्हती. ग्रंथपाल लग्नाला गेलेला, कपाटाची किल्ली माझ्याकडं ठिवून. चार दिस माळवदावर ठिवला, कुरडयांच्या शेजारी."

"मग हे आधी सांगायचं न्हाई?"

"तुम्ही इचारलं का?"

त्यांचं खोटं नव्हतं. आमच्याकडं वैशाखात गोधड्या, धान्य, पोथ्या, सगळ्याला ऊन दाखवतात. ते कुणाला सांगण्यासारखं काम नसतंच.

मामांना ठाण्यात आणलं. त्यांनी बजावलं, "पाणी लावू नका, शाई जाईल. नुसती ओल हुंगू द्या." पंचांसमोर पत्र्याच्या पेटीत तळाला ओली पोती घातली, वर जाळी, जाळीवर दस्त, आणि झाकण लावून सील. दोन दिवसांनी उघडलं तर कातडं मऊ झालेलं. स्वच्छ धोतराच्या घडीत घालून, वर पाट आणि वजन ठेवून संध्याकाळपर्यंत सपाट केलं. मग फळीवर धरलं. कातड्याची आठही भोकं फळीवरच्या आठही भोकांवर बसली. गंजाचे डागसुद्धा जुळले. पंचनामा केला, जबाब घेतले, अर्ज निकाली काढला.

पुढं पुण्याहून जुने दस्त जपणाऱ्या एक जाणकार बाई आल्या. त्यांनी पेटीचं ऐकून मलाच झापलं. "अजून दोन दिवस ठेवला असतात तर बुरशीनं खाल्ला असता." कातड्याला ओल जास्त झाली तर बुरशी, कोरडं पडलं तर आवळतं, आणि आज ओल उद्या ऊन हे तर सगळ्यात वाईट, असं त्यांनी समजावलं. हवा एकसारखी पाहिजे.

तपासात आपण वेगळं काय घडलं ते विचारत बसतो. रोजचं, सगळेच करतात ते काय केलं, हे विचारायचं राहून जातं. माझं राहिलं, आणि दोन दिवस बाकड्यावर दुसराच बसला.

भोकं जुळली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्दी चढवून खुटबावला गेलो. माफी मागायची सवय तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. आळीतली माणसं दारात येईपर्यंत थांबलो आणि मोठ्यानं म्हणालो, "या माणसानं काही घेतलं नव्हतं. चूक माझी."

ग्रंथपाल म्हणाला, "बसा साहेब, च्या घ्या."

चहा उभ्यानंच प्यालो. मग त्याला माझ्या मोटारसायकलवर मागं बसवलं आणि वाचनालय उघडायच्या वेळेला दारात नेऊन सोडलं.