बाबांचे रबरी बूट

तेलात वितळणाऱ्या मेणाचा वास आला की मला आईच्या टाचा आठवतात आणि अजूनही डोकं तापतं. साखरखेर्ड्याजवळ आमचं वांग्याचं शेत होतं. हिवाळाभर आई अनवाणीच वाफ्यांना पाणी द्यायची आणि टाचांच्या भेगांतून रक्त आलं की संध्याकाळी त्यांत गरम मेण भरायची. शेवटी मी तिला मेहकरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, कोमट पाण्यात पाय धुऊन कोरडे करा, मलम लावा, पण चिखलात अनवाणी उतरलात तर सगळं वाया जाईल. घरी आल्यावर मी बाबांना आईसाठी बूट आणायला सांगितलं. त्यांचे स्वतःचे रबरी बूट दाराशीच होते. "बाईमाणसाले बूट कायले लागते? लोकं हासतीन," ते म्हणाले. मी तेच बूट उचलून आईसमोर ठेवले. "राहू दे वं बाई," ती पुटपुटली. "घाल. आज बाबा जातीन अनवाणी," मी म्हणाले. आईने बूट घातले. बांधावर हसायला कोणीच आलं नाही. पुढच्या बाजारातून बाबांनी नवा जोड आणला, तो स्वतःसाठी. जुना आईला राहिला. त्या जुन्या बुटांतही तिच्या टाचा भरून आल्या, पण त्या नव्या जोडाबद्दल मी बाबांना आजही माफ केलेलं नाही.