बाबांचा कोरा पेपर

माझी बायको एका लहानशा कॉलेजात जर्मन शिकवते. म्हणजे विद्यार्थी सापडले तर शिकवते. मध्यंतरी वर्ग इतका ओस पडला, की प्राचार्यांनी सरळ सांगून टाकलं, बाकं भरा नाहीतर वर्ग बंद. बायकोने बेकरीवाल्याच्या मुलीपासून दवाखान्यातल्या नर्सपर्यंत सगळ्यांच्या हातापाया पडून माणसं गोळा केली. तरी एक जागा रिकामी राहिली. तिथे माझे बाबा जाऊन बसले.

बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. या वयात त्यांना काय डोंबलाचं जर्मन येणार, असं मी म्हणालो आणि माझेच दात माझ्या घशात गेले. नर्सबाई अडली की मॅडमना सोडून बाबांना विचारायची. घरी सासरा-सून जर्मनमध्ये अशा रंगात यायची, की मी मीठ मागितलं तरी कुणी माझ्याकडे बघायचं नाही.

मग प्राचार्य बदलले. नव्यांना निकाल हवा होता. निम्मा वर्ग पास झाला तरच पुढे चालू. बायकोने कच्च्या मुलांना घरी बोलावून घोटून घेतलं. बाबांची काळजी करायचं कारणच नव्हतं.

निकालात निम्म्याला एकच माणूस कमी पडला. बाबा नापास झाले होते. त्यांचा पेपर अख्खा कोरा होता.

बायको घरी आली ती भांबावूनच. बरं नव्हतं? आठवलं नाही? की आपलं काही चुकलं? मलाही काही उमजेना. शेवटी तिने विचारलंच.

"बाबा, पेपर कोरा का दिलात?"

"अगं, पास झालो असतो तर पुढच्या वर्षी माझ्या जागेवर कोण बसलं असतं?" बाबा खुशीत होते. "राहिला ना तुझा वर्ग?"

नवी अट त्यांना सांगायची, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला भयंकर राग आला, पण कुणाचा ते ठरेना.

"राहिला," ती म्हणाली.

आत गेल्यावर मी विचारलं, "हे काय बोलून बसलीस?"

"मलाच कळत नाही," म्हणाली, आणि रडायला लागली.

सुट्टी संपली त्या सोमवारी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. "चल सूनबाई, उशीर होतोय."

तिने माझ्याकडे पाहिलं, पर्स उचलली, चपला घातल्या. जिना उतरताना दोघांचं जर्मन वर ऐकू येत होतं. आपण कुठे निघालोय, ते तिलाही ठाऊक नव्हतं.