हाताचं तेरावं

नामदेवकाका गेल्याचं कार्ड डोणगावला आलं, त्या वेळी मी शाळेच्या ओट्यावर मास्तर मंडळींना काकांचीच नक्कल करून दाखवत होतो. पडता पेला झेलायला काका नसलेला हात कसा पुढे करतात, ती. घराण्यात गाजलेली नक्कल. कार्ड वाचलं... आणि हशा थांबेपर्यंत तोंड सरळ करायचंही मला सुचलं नाही.

महिना झाला. दुःख ओसरतं म्हणतात. माझा तर संताप वाढतोय. काका खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये रुईचे पारखी. चिमटीत रुई ओढून, डोळे मिटून धाग्याची लांबी सांगायचे. एकदा नमुना काढताना चालत्या यंत्राने उजवा हात कोपरापासून नेला. जखम भरली, दुखणं गेलं नाही. नसलेल्या हाताची मूठ वळलीय, नखं तळव्यात रुतताहेत, म्हणायचे. नागपूरहून आलेल्या डॉक्टरसाहेबांनी रिकामी बाही उचलून पाहिली आणि 'भास' म्हणून मोकळे झाले. भटजींनी वरताण केली : हाताला गती मिळाली नाही, त्याचं करून टाका! मग आम्ही शहाण्यांनी कणकेचा हात केला आणि जिवंत काकांना शेजारी पाटावर बसवून त्या हाताचं तेरावं घातलं. मी बुंदीचे सात लाडू खाल्ले. आठवा काकांच्या पानातला.

त्या दिवसापासून 'दुखतंय' म्हणायची बंदी. काका कण्हले की आम्ही ओरडायचो, "तेरावं झालं ना त्याचं!" डॉक्टर पुस्तकातलं मानणार, भटजी पोथीतलं, समोर बसलेला माणूस सांगतो ते मानायचं कोणी?

एकदा मीच अक्कल पाजळली. "काका, हातच नाही, तं दुखते काय?"

"उद्या खामगावचं ठेसन उखडलं, तं पुढच्या जलंब ठेसनाच्या तारमास्तराले समजते काय बे? तुटक्या तारेतून खरखर आली का त्याले वाटते, खामगावच बोलून राह्यलं. माह्या डोक्यातला मास्तर नाही ना कटला. तो अजून हाताचंच आयकून राह्यला." मग हळूच म्हणाले, "तू तरी हाव म्हन ना, बापू."

एक 'हाव', एक होकार. इतकंच मागितलं होतं. आणि मी, घराण्याचा विनोदवीर, म्हणालो, "तारमास्तराचंही तेरावं घालून टाकू!" सगळे हसले. काकीसुद्धा. सगळ्यात मोठ्याने मी. त्या तोंडाची मला आता किळस येते.

काकांच्या खऱ्या तेराव्याला खामगावला गेलो. पानात तेच लाडू. न खाताच उठलो आणि त्यांच्या खोलीत गेलो. खाटेवर उजव्या अंगाला एक लहानशी उशी होती. त्यांनीच निवडलेल्या लांब धाग्याच्या रुईची. तो हात टेकवायला.

काकी मागून आली. "उशी उसवून टाकू काय रे, बापू? रुई कामाची हाये."

"नको काकी. त्यांचा हात दुखते."

ही माझी नेहमीची थट्टा, असं वाटून ती हसायला गेली... आणि माझं तोंड बघून थांबली.

"हाव," म्हणाली.

मग वाकून तिने उशी खाटेच्या कडेपासून थोडी आत सरकवली.